वन्संची पहिली बॅच

वन्सं गेल्या त्या दिवशी फोन आला तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, संशय आला. फोन देसाईबाईंचा होता. खांदा कॉलनीत वन्संच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहतात. सकाळची वेळ, माझा चहा गॅसवर, आणि देसाईबाई सांगतायत, "तुम्ही दोघं लगेच या, ताई दार उघडत नाहीयेत." आता ह्याच देसाईबाईंना काही वर्षांपूर्वी वन्संनी असाच एक फोन करायला लावला होता. तेव्हा आमचं मे महिन्यातल्या ट्रेकच्या तारखांवरून वाजलं होतं, मी रागाने त्यांच्याकडे फिरकले नव्हते, आणि 'ताईंना बरं वाटत नाहीये' असं ऐकून रिक्षा करून धावत गेले तर ह्या बाई चष्मा कपाळावर चढवून, जमिनीवर नकाशा पसरून बसलेल्या. "आलीस? बरं झालं. हा ओढा बघ. मेच्या पहिल्या आठवड्यात ह्याच्यावर पूल टाकलेला असेल असं वाटतं का तुला?" तर ह्या वेळीही आमचं तारखांवरूनच बिनसलेलं होतं. त्यामुळे मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या बहिणीचं पुन्हा सुरू झालं." हेही हसले. आमच्याजवळच्या किल्लीने दार उघडून आत गेलो तेव्हा देसाईबाईंचा उतरलेला चेहरा मला दिसत होता, तरी मी आधी पाहिलं ते हॉलच्या जमिनीकडे. नकाशा नव्हता. वन्सं आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल. मला हे पटलेलं नाही. ज्या बाईला शेजारच्या तंबूत कोणी काजूचं पाकीट फोडलं तरी कळायचं, त्यांना एवढी मोठी गोष्ट कळली नसेल? पण डॉक्टरांशी कोण वाद घालणार... पुढचे दिवस माणसं येत राहिली, मी चहा करत राहिले, आणि मनात मात्र कुठेतरी वाटत होतं की ह्यात काहीतरी डाव आहे आणि तो मला उशिरा कळणार आहे. तो कळला, पण त्याबद्दल नंतर सांगते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, कुमुदताई. माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ. घरात मी त्यांना 'हे' म्हणते, इथेही तेच म्हणणार. वन्संनी लग्न केलं नाही. बेलापूरला एका ऑफिसात नोकरी केली, खांदा कॉलनीत स्वतःचा फ्लॅट घेतला आणि आम्ही जुन्या पनवेलात राहायला आलो तेव्हा दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागल्या. जेवायला म्हणजे तपासणीला, असा माझा तेव्हाचा समज. आमटी तोंडात घेऊन त्या क्षणभर थांबत, आणि 'छान झालीय' म्हणत. ते थांबणं मला पुरेसं होतं. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींशी अत्यंत गोड बोलून काढली, ज्याला माहीत आहे त्याला ह्याचा अर्थ कळेल.

डोंगरांचं सुरू झालं ते माझी आई गेली त्या वर्षी. मी तेव्हा जरा गप्प गप्प असे. त्याच सुमारास वन्संनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि जाहीर केलं की आता दरवर्षी मे महिन्यात हिमालयात जाणार, पाठीवर सॅक घेऊन, पायी. ह्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलं, "ताई ऐकणार नाही. नोकरी सुटल्यापासून मला तिची काळजी वाटते. तू जा तिच्याबरोबर. तिला कळू देऊ नकोस, पण लक्ष ठेव." मला आधी वाटलं, हे मला घराबाहेर काढायचं बघतायत. मग वाटलं, वन्संनाच एक फुकटची हमाल हवी असेल आणि त्यांनी भावाला पुढे केलं असेल. पण ह्यांचा चेहरा इतका साधा होता... मी हो म्हटलं.

त्यांचं प्लॅनिंग जानेवारीत सुरू व्हायचं. त्या काळी पनवेलच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन बसावं लागे. ट्रेक नेणाऱ्या संस्थेची माहिती छापून आणायची आणि मग तिच्यावर लाल पेन घेऊन बसायचं, हा आमचा उद्योग. वन्संचा कशावरही विश्वास नव्हता. फोटोत हिरवं कुरण दिसलं की म्हणत, "हा जुलैतला आहे. मेमध्ये इथे हातभर बर्फ असणार." 'सोपा चढ' असं लिहिलेलं असलं की त्याच्याखाली दोन रेघा. अंतरांना त्या 'त्यांचे किलोमीटर' म्हणत, म्हणजे आपल्यापेक्षा लांब. डोंगरात गेल्यावर तर विचारूच नका. उद्याची वाट कशी आहे हे त्या आधी कॅम्प लीडरला विचारत, मग स्वयंपाक्याला, मग खेचरं हाकणाऱ्याला, तिघांना वेगवेगळं गाठून. तिघांची उत्तरं निराळी आली तर वन्सं समाधानाने मान हलवत. तिन्ही सारखी आली तर म्हणत, "ह्यांनी आपसात ठरवलेलं दिसतंय." मी हसत असे, पण खरं सांगायचं तर मीही काही कमी नव्हते. फरक इतकाच की त्या जगावर संशय घेत आणि मी त्यांच्यावर.

बर्फात बुटात पाणी जाऊ नये म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायचे गेटर्स तेव्हा आमच्याकडे मिळत नसत. वन्संनी कागदावर चित्र काढलं आणि जुन्या बाजारात ताडपत्र्या आणि रेनकोट विकणाऱ्या रफिकभाईंकडून ते शिवून घेतले. रफिकभाईंचे सगळे भाऊ आखातात, ते एकटेच दुकानावर. चित्र उलटसुलट करून बघत ते म्हणाले, "ताई, बुरा मत मानना, पण हे माप माणसाच्या पायाचं आहे की घोड्याच्या?" गेटर्स तयार झाल्यावर वन्संनी त्यांच्याकडून पाण्याची कळशी मागवली, एका गेटरचं तोंड बांधलं, त्यात पाणी भरलं आणि दुकानाच्या खिळ्याला टांगून समोर स्टुलावर बसून राहिल्या. गिऱ्हाइकं बघतायत. रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "खुदा गवाह है ताई, इतक्या वर्षांत माझ्या शिलाईत कोणी पाणी भरून बघितलं नव्हतं." एक थेंब गळला नाही. वन्सं म्हणाल्या, "आता बघितलं ना, म्हणजे तुम्हालाही खात्री झाली." पुढे दर वर्षी काही ना काही शिवून घ्यायला त्यांच्याकडेच जायचं ठरून गेलं, आणि कळशी ते आधीच भरून ठेवत.

मार्च उजाडला की सराव. सॅकमध्ये तांदूळ आणि डाळीच्या पिशव्या भरायच्या आणि पहाटे खांदा कॉलनीत फेऱ्या मारायच्या. रविवारी पळस्पे फाट्यावरून एसटी पकडून कर्नाळा, नाहीतर प्रबळगडाचा पायथा. कॉलनीतल्या फेऱ्यांचा मला फार संकोच वाटे. पहिल्या वर्षी गव्हाणहून भाजी घेऊन येणाऱ्या सुंदराबाईने आम्हाला अडवलं. पाठीवर फुगलेली सॅक घेतलेली मी पुढे, काठी घेतलेल्या वन्सं मागे. ती बिचारी टोपली खाली ठेवून म्हणाली, "का गो बाय, भांडण झाला का काय घरात? एवढा सामान घेऊन कुठं चालली?" मी काही बोलायच्या आत वन्सं गंभीरपणे म्हणाल्या, "मी नणंद आहे तिची. घालवायला निघालेय." सुंदराबाई त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "आमी मधी नाय बोलणार. पण चा तरी पाजला का तिला? आणि एवढा वजन तिच्याच पाठीवर का, तुला हात नाय का?" त्या दिवसापासून ती मला दर वेळी मूठभर मिरच्या जास्त टाकायची आणि वन्संकडे पाहायचीही नाही. आम्ही तिला खरं काय ते बरेचदा सांगितलं. तिने ते कधीच मान्य केलं नाही.

आता पहिल्या बॅचबद्दल सांगते. ट्रेक नेणाऱ्या संस्था मेच्या सुरुवातीपासून रोज एक तुकडी सोडतात. शहाणी माणसं मधल्या तारखा घेतात. तोवर बर्फ वितळलेला असतो, पायवाट पडलेली असते, ओढ्यांवर लाकडं टाकलेली असतात. वन्संना मात्र पहिलीच बॅच हवी. कारण विचारलं तर म्हणत, "दुसऱ्यांनी चालून झालेली वाट म्हणजे उष्टी. मला नको." लहानपणापासून त्यांचं उष्ट्याचं फार होतं. दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावणार नाहीत, कोणी घास घेतलेल्या ताटात वाढून घेणार नाहीत. पण वाट उष्टी होते हे मी तरी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला तेव्हा ह्याच्यामागे वेगळंच काही वाटत होतं. मला वाटायचं, त्यांना लोक नकोत. ज्या ठिकाणी कोणी पोचलेलं नाही तिथे मला नेऊन त्या बघणार की ही बाई किती पाण्यात आहे.

आणि ह्या उष्ट्यापायी पहिल्याच वर्षी आम्ही फजिती करून घेतली. बर्फाचा उतार आला. आमचा गाईड पिकल्या मिशांचा, मुरलेला माणूस. त्याने सगळ्यांना बजावून सांगितलं की मी जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवा, माझ्याच पावलात पाऊल. बाकीच्या सगळ्यांना हे कळलं. वन्संना कळलं नाही असं नाही, पण इतक्या जणांच्या पावलांनी तुडवून मळकट झालेल्या त्या खड्ड्यांत पाय घालायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या हातभर बाजूला सरकल्या, स्वच्छ पांढऱ्या बर्फावर पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत आत गेल्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, अर्ध्या. गाईड वरून म्हणाला, "माताजी, हिलना मत." मी आडवी पडून त्यांच्या सॅकचे पट्टे धरले आणि मागून दोघांनी मला धरलं. बाहेर आल्यावर कपड्यांवरचा बर्फ झटकत त्या मला म्हणाल्या, "तू हो पुढे. मी तुझ्या पावलात पाय ठेवते." मी म्हटलं, "आता उष्टं चालतं वाटतं?" त्यावर वन्सं म्हणाल्या, "घरातल्यांचं चालतं."

इतक्या वर्षांत त्या मला ह्याहून प्रेमाचं काही बोललेल्या नाहीत. पण माझा स्वभाव बघा. थोडं पुढे गेल्यावर माझ्या मनात आलं, म्हणजे आता पुढचा बर्फ पक्का आहे की नाही हे माझ्यावरून बघणार तर...

असे आम्ही बरेच मे महिने काढले. दर वर्षी खिंड उघडलेलीच नसायची आणि पहिल्या बॅचला अर्ध्यातून परतावं लागायचं, मागून येणारे मात्र आरामात पार व्हायचे. आम्ही परत यायचो ते ऐन आंब्यांच्या दिवसांत. मग एका दुपारी आमच्याकडे आमरस करायचा आणि जेवणानंतर पंचनामा. हा शब्द वन्संचाच. कोण खोटं बोललं, कुठे आपण चुकलो, कुठल्या कॅम्पवरचं पाणी संशयास्पद होतं, 'बस थोडा और' म्हणणारा गाईड किती वेळा म्हणाला. पंचनाम्यात कोणी कोणाला सूट देत नसे. "तू दुसऱ्या दिवशी उगाच पळत होतीस, म्हणून संध्याकाळी झोपलीस." "आणि तुम्ही माझ्या वाटणीचा गूळ खाल्लात, म्हणून पळू शकलात." हे कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले असत आणि मध्येच पेपराआडून हसत. त्या दुपारी मला फार आवडायच्या. आई गेल्यानंतर घरात कोणाशी इतकं खरं भांडता येईल असं मला वाटलं नव्हतं.

मग ती खिंड आली. हिमाचलातली. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, अजून लिहवत नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच पहिल्या बॅचला वाट मोकळी मिळाली होती. पहाटे निघालो, उजाडलं तेव्हा वर खिंड दिसत होती आणि मधला सगळा बर्फ कोरा, एक पाऊल नाही. ज्याच्यासाठी वन्सं इतकी वर्षं भांडत आल्या ते समोर होतं. माझं डोकं थोडं दुखत होतं, उंचीवर सगळ्यांचंच दुखतं. गाईड म्हणाला, आता अर्धा तास. आणि वन्सं थांबल्या. "माझा गुडघा गेला," म्हणाल्या, "मी खाली जाते." नियम असा की एकट्याने कोणी उतरायचं नाही, बरोबरच्या माणसाने जायचं आणि एक सहायक द्यायचा. म्हणजे मलाही परतणं आलं. मी म्हटलं, "वन्सं, अर्धा तास. तुमची सॅक मी घेते." "नको. खाली चल." "खरंच दुखतोय?" "तुला काय वाटतं, मी खोटं बोलतेय?" मी म्हटलं, "हो."

बाकीची बॅच वर गेली. आम्ही उतरलो. आता गुडघा दुखणाऱ्या कोणालाही विचारा, चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतो. ह्या बाई माझ्यापुढे नीट चालत होत्या. शिवाय दर थोड्या वेळाने मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, मी पळून परत वर जाईन अशी त्यांना भीती आहे. बेस कॅम्पला पोचलो तेव्हा मात्र गुडघ्याला सूज होती. मी स्वतः तेल चोळलं. बोलले काही नाही, कारण मला वाटत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. मला वाटत होतं, ह्या घाबरल्या. नाहीतर इतकी वर्षं मागितलेलं एकदाचं समोर आल्यावर ते माझ्याबरोबर वाटून घ्यायला त्या तयार नव्हत्या. दिल्लीहून पनवेलपर्यंतच्या गाडीत आम्ही समोरासमोरच्या बर्थवर बसून दोन अनोळखी बायकांसारखं एकमेकींना पाणी हवंय का विचारत आलो. त्या वर्षी आमरस झाला, पंचनामा झाला नाही.

पुढे दोन उन्हाळे आम्ही कुठेच गेलो नाही. वन्सं रविवारी जेवायला येत होत्या, आमटी तोंडात घेऊन थांबत होत्या. मग ह्या फेब्रुवारीत एका रविवारी हात धुताना म्हणाल्या, "ती खिंड राहिलीय. पहिल्या बॅचला जाऊ." मला आनंद झाला, पण म्हटलं तो इतक्या सहज दाखवायचा नाही. मी म्हटलं, "तुमचं वय झालंय, दुसरी-तिसरी बॅच घेऊ, वाट पडलेली असेल." त्या म्हणाल्या, "वाट पडलेली असेल तर मग जायचंच कशाला?" मी म्हटलं, "ह्या वेळी गुडघ्याचं काय ते घरूनच सांगून निघा." त्यांनी टॉवेल जागेवर ठेवला. ह्यांना बाल्कनीत बोलावून बराच वेळ काही बोलत राहिल्या आणि मला न भेटता गेल्या. नेहमी स्वयंपाकघराच्या दारातून 'येते गं' म्हणत. त्या आठवड्यातच देसाईबाईंचा फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं वन्संचा फ्लॅट आवरायला गेलो. आवरायला म्हणजे बसायला. हे त्यांच्या खुर्चीत बसले, मी पलंगाच्या कडेवर. आणि इतके दिवस मनात ठेवलेलं मी विचारलं. "एक सांगा. त्या वर्षी तुमच्या बहिणीचा गुडघा खरंच गेला होता का?"

हे मग म्हणाले, "तुझे ओठ निळे पडले होते म्हणे. तू तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होतीस, आणि तुला ते कळत नव्हतं. तुला खाली चल म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हणून ताई म्हणाली, गुडघा दुखवावा लागला."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तिने सांगू नको म्हटलं होतं. म्हणाली, मीनाला वाटतंय की तीच माझ्यावर लक्ष ठेवून आहे, तसंच वाटू दे."

"म्हणजे काय?"

मग ते सगळं बाहेर आलं. माझी आई गेली त्या वर्षी मी गप्प असे असं मी वर सहज लिहून गेले. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी महिनोन्‌महिने खिडकीशी बसून असे, जेव म्हटलं तर जेवे. घाबरून हे बहिणीकडे गेले, म्हणाले, हिला कुठेतरी घेऊन जा, लक्ष ठेव. आणि मी सरळ जाणार नाही म्हणून मला उलटं सांगितलं. वन्संना डोंगरांची आवड होती हे खरं, पण दर वर्षी जायचं हे माझ्यासाठी ठरलं होतं. मी विचारलं, "मला तुम्ही काय सांगितलंय ते वन्संना माहीत होतं?" हे म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी परत आल्यावर मला म्हणाली, तू तिलाही तेच सांगितलंयस ना? तिला काय, लगेच कळायचं."

मला मात्र कळलं नव्हतं. गाईडवर, नकाशावर, नणंदेवर, सगळ्यांवर मी संशय घेत राहिले आणि ज्याच्यावर घ्यायचा तो माणूस रोज माझ्यासमोर ताटावर बसून साध्या चेहऱ्याने भात कालवत होता. मी तिथे वन्संच्या पलंगावर बसून रडले. त्या गेल्यावर पहिल्यांदाच. मला त्यांचा राग आला होता आणि त्या हव्या होत्या, दोन्ही एकदम.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण घरी आल्यावर एक दिवस भाजी निवडताना माझ्या मनात आलं, सुजलेल्या गुडघ्याचं काय? तो मी ह्या हातांनी चोळला आहे. निळे ओठ मी पाहिलेले नाहीत, तिथे आरसा नव्हता, हे मान्य. पण वन्सं भावाजवळ 'मला झेपलं नाही' असं कबूल करतील? शक्यच नाही. त्यापेक्षा त्या माझ्या ओठांना निळा रंग देतील. तसं म्हणावं तर सूज उतरताना आली असेल, मला सांभाळत, मागे वळून बघत उतरताना... आम्हा दोघांपैकी एकाला त्यांनी फसवलंय एवढं नक्की. कोणाला, ते मी रोज ठरवते आणि रोज बदलते. मनातल्या मनात त्यांच्याशी पंचनामा चालू असतो. मी म्हणते, खरं सांगा. त्या म्हणतात, तुला काय वाटतं? माझं त्यांच्यावर प्रेम होतं हे मी कधी त्यांना म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी तिघांना विचारून खात्री करून घेतली असती.

एवढ्यात ह्यांचं काहीतरी चाललंय. ज्यांनी आयुष्यात माथेरानसुद्धा घोड्यावर बसून पाहिलं, ते परवा जेवताना मला विचारतात, "पहिली बॅच किती तारखेला निघते गं साधारण?" मी म्हटलं, "तुम्हाला कशाला हवंय?" म्हणाले, "सहज." ह्यांच्या 'सहज'वर आता मी विश्वास ठेवत नाही. त्या रविवारी बाल्कनीत वन्सं ह्यांच्याशी काय बोलत होत्या हेही मी विचारून पाहिलं. "काही नाही, पाण्याच्या टाकीचं," असं उत्तर आलं. काल संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते धापा टाकत, शर्ट पाठीला चिकटलेला, दारातच टेकले. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. "लिफ्ट बंद होती," म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं, पंखा लावला, आणि केराची पिशवी टाकायला जाते म्हणून सांगून खाली गेले. लिफ्ट चालू होती. मी बटण दाबून दार उघडून पाहिलं, आतला दिवाही लागत होता. मग दार लावलं आणि जिन्याने वर आले.